जुनी मोटार आणि नवें इंजिन

जुन्या घराची डागडुजी आणि जुन्या मोटारीची सुधारणा या दोन गोष्टी वरवर पाहतां सारख्याच वाटतात. परंतु घराची एखादी खिडकी बदलली तर पायाच्या दगडास त्याची वार्ताहि लागत नाहीं. मोटारीचें मात्र एक अंग बदललें कीं बाकीच्या सर्व अंगांस त्याची झळ पोहोंचते. या नियमाचा प्रत्यय आपल्या देशांत दोन मोटारींच्या बाबतींत फारच स्पष्टपणें आला. त्या दोन मोटारी म्हणजे बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि आपल्या मुंबईच्या कुर्ल्याची पद्मिनी. आज दोघींचेंहि उत्पादन बंद आहे. तरीहि कांहीं घरांच्या अंगणांत त्या अजून उभ्या आहेत, आणि त्यांच्या मालकांपुढें एक प्रश्न नेहमीं असतो: ही गाडी आहे तशी जपावी, कीं नवें इंजिन व नव्या कमानी घालून तिला आजच्या रस्त्यावर आणावी? या प्रश्नाचा विचार करतांना या गाड्यांचा इतिहास फार उपयोगी पडतो. तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

मोटारीच्या पोटाखालीं डोकावून पाहिलें तर तेथें दोन निरनिराळे संसार चाललेले दिसतात. पहिला संसार गाडीचा भार तोलण्याचा. चाकें, आंस, कमानी, कमानींचे झोके आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर आणि सांध्यांतील रबरी बुशा ही त्यांतील मंडळी. दुसरा संसार इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत नेण्याचा. क्लच, गिअरची पेटी, गाडीच्या पोटाखालून लांबच लांब गेलेला प्रॉपेलर शाफ्ट, शक्ति दोन चाकांत वांटून देणारा डिफरन्शियल आणि अखेरीस मागचा आंस ही त्यांतील मंडळी. आतां लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, जुन्या घडणीच्या मोटारींत मागचा आंस या दोन्ही संसारांत नांदतो. तो गाडीचा भारहि वाहतो आणि चाकेंहि फिरवितो. म्हणूनच एका संसारांत केलेली उलाढाल दुसऱ्या संसारांत जाऊन पोहोंचल्याशिवाय राहत नाहीं.

या दोहोंचा पूर्वेतिहास मात्र वेगवेगळा आहे. कमानी मोटारीच्याहि पूर्वींच्या. लंडनच्या ओबादाया इलियट यानें १८०४ च्या सुमारास एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या कमानींचें पेटंट घेतलें, आणि घोड्याच्या बग्गींत बसणाऱ्यांच्या हाडांस विसांवा मिळाला. पुढें मोटार निघाली तेव्हां तिनें त्या कमानी बग्गीकडून तशाच उचलल्या. शक्तिवहनाची घडी मात्र मोटारीबरोबरच बसली. पॅरिसच्या पानार व लव्हासोर यांच्या कारखान्यानें १८९१ सालीं एक रचना पुढें आणली: इंजिन पुढें, त्याच्या मागें क्लच व गिअर, आणि शक्ति मागच्या चाकांस. १८९८ सालीं लुई रनो यानें चाकांकडे जाणाऱ्या साखळीच्या जागीं फिरता शाफ्ट बसवून सर्वांत वरचा गिअर इंजिनाशीं सरळ जोडला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जगांतील बहुसंख्य मोटारी याच मार्गानें गेल्या. आपल्या दोन्ही गाड्या त्याच कुळांतल्या.

कमानींची खरी सुधारणा पुढच्या चाकांपासून सुरू झाली. पूर्वीं पुढचीं दोन्ही चाकें एका ताठ आंसास जोडलेलीं असत. एक चाक दगडावर चढलें कीं दुसरेंहि हादरे, आणि हातांतील सुकाणूं थरथरे. तो कंप आवरण्यासाठीं पुढच्या कमानी कठीण ठेवाव्या लागत, आणि त्याचा त्रास बसणाऱ्यांच्या पाठीस होई. १९२२ सालच्या लान्चिया लाम्ब्डा या इटालियन मोटारींत पुढचीं चाकें एकमेकांपासून स्वतंत्र झालीं. अमेरिकेंत जनरल मोटर्स या कंपनीनें १९३४ च्या गाड्यांत तीच वाट धरली. त्यामागें इंग्लंडांतून तेथें गेलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याचे परिश्रम होते. पुढच्या कमानी मऊ ठेवाव्या आणि मागच्यांचा झोका त्यांहून किंचित् जलद असावा, म्हणजे खळग्यांतून गेल्यावर गाडीचें नाक व पाठ लवकर एका पातळींत येतात, हें त्यानें प्रयोगांनीं दाखवून दिलें. माणसाच्या शरीरास मिनिटाला साधारण ६० ते ९० झोके सोसवतात. त्याहून जलद झाले तर हाडें दुखतात, फार मंद झाले तर नावेंत बसल्यासारखें मळमळूं लागतें. कमान मऊ किंवा कठीण करणें हा अशा रीतीनें शरीराशीं संबंध असलेला हिशेब आहे.

ही सुधारणा आपल्या दोन्ही गाड्यांत जन्मतःच होती. ॲम्बॅसडरचें मूळ इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेंत आहे. मॉरिसच्या घराण्यांत १९४८ च्या मायनर मोटारीसाठीं ॲलेक इसिगोनिस यानें पुढच्या चाकांस कमानींऐवजीं पिळाच्या दांड्या योजिल्या होत्या. ऑक्सफर्डलाहि तोच वारसा मिळाला. पोलादाच्या लांब दांडीचें एक टोक गाडीच्या धडांत घट्ट बसवावयाचें आणि दुसरें चाकाच्या बाहूस जोडावयाचें. चाक वर उचललें कीं दांडीस पीळ बसतो, आणि पीळ उलगडतांना चाक पुन्हां खालीं येतें. हिंदुस्थान मोटर्सनें उत्तरपाडा येथें १९५७-५८ च्या सुमारास ॲम्बॅसडर काढली तेव्हां तिच्यांत १४७६ घनसेंटिमीटरचें, बाजूस व्हॉल्व्ह असलेलें जुन्या पद्धतीचें इंजिन होतें. १९५९ सालीं त्या जागीं डोक्यावर व्हॉल्व्ह असलेलें १४८९ घनसेंटिमीटरचें, सुमारें ५५ अश्वशक्तीचें इंजिन आलें. म्हणजे या गाडीच्या चरित्राचा आरंभच इंजिन बदलण्यानें झाला.

पद्मिनीची कथा मुंबईची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. आरंभीं त्या अमेरिकन क्रायस्लर घराण्यांतल्या होत्या. नंतर इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला. १९६४ सालीं फियाट अकराशें डी ही गाडी येथें निघाली. तीच पुढें, फियाटशीं असलेला करार संपल्यावर, १९७४ पासून पद्मिनी या नांवानें घरोघरीं ओळखली गेली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ४० अश्वांची, गिअरचा दांडा सुकाणूंच्या खांबावर, पुढें गुंडाळ्यांच्या स्वतंत्र स्प्रिंगा आणि मागें ताठ आंसाखालीं पाट्यांच्या कमानी. ४० अश्वशक्ति ही आज थोडी वाटते. परंतु क्लच, गिअर, आंस, कमानी आणि ब्रेक या सर्वांचें माप तेवढ्याच शक्तीला जुळणारें होतें. गाडी हळू होती, पण तिचीं अंगें एकमेकांस शोभत होतीं.

मग या गाड्या इतकीं वर्षें तशाच कां राहिल्या? त्याचें कारण अभियंत्यांच्या अंगीं कल्पकता नव्हती हें नव्हे. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारनें असें धोरण धरलें कीं, देशांत सुटे भाग प्रत्यक्ष बनविण्याची योजना ज्यांच्याजवळ असेल त्यांनींच मोटारीचा धंदा करावा. परदेशी भाग आणून नुसते जुळविणारे कारखाने लवकरच निघून गेले, आणि हिंदुस्थान, प्रीमियर व मद्रासची स्टँडर्ड अशा तीन कंपन्या मोटारी बनविण्यासाठीं उरल्या. आयातीवर बंधन, उत्पादनावर परवाना, परकीय चलनाची टंचाई आणि दाराशीं वर्षानुवर्षें थांबलेलीं गिऱ्हाइकें! अशा स्थितींत नवें धड घडविण्यासाठीं लागणाऱ्या साच्यांवर पैसा कोण घालणार? न बदलतांहि माल खपत होता.

ही शांतता १९८३ च्या डिसेंबरमध्यें भंगली. गुरगांवच्या मारुति कारखान्यांतून सुझुकीच्या घडणीची ७९६ घनसेंटिमीटरची लहान मोटार बाहेर पडली. तिच्यांत इंजिनाची शक्ति पुढच्याच चाकांस मिळत होती. लांब शाफ्ट नाहीं, मागें जड डिफरन्शियल नाहीं. हलकेपणामुळें लहान इंजिनावरहि ती चपळ चाले. जुन्या गाड्यांचें वय एका दिवसांत लोकांच्या डोळ्यांत भरलें. दोन्ही जुन्या कारखान्यांनीं तेव्हां जपानकडे पाहिलें. प्रीमियरनें १९८५ सालीं ११८ एन.ई. ही मोटार काढली: धड फियाट १२४ चें, आणि इंजिन निसानचें ११७१ घनसेंटिमीटरचें. हिंदुस्थान मोटर्सनें १९९२-९३ च्या सुमारास ॲम्बॅसडरच्या जुन्याच धडांत इसुझूचें १८१७ घनसेंटिमीटरचें, सुमारें ७५ अश्वशक्तीचें इंजिन बसविलें. पन्नाशीच्या दशकांतल्या देहांत असें नवें हृदय आलें.

परंतु या ठिकाणीं एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. दोन्ही कारखान्यांनीं नुसतें इंजिन घेतलें नाहीं. निसानच्या इंजिनाबरोबर निसानची गिअरपेटी आली, आणि इसुझूच्या इंजिनाबरोबर पांच गिअरांची पेटी आली. असें कां, हें समजण्यास शाळेंतलें त्रैराशिक पुरेसें आहे. समजा, इंजिन मिनिटास ३००० फेरे घेतें, आणि वरच्या गिअरमध्यें मागचा आंस इंजिनाच्या साडेचार फेऱ्यांमागें चाकाचा एक फेरा करवितो. चाकाचा परीघ २ मीटर धरला तर गाडी ताशीं ८० किलोमीटर जाईल. आतां पांचवा गिअर असा दिला कीं तेवढ्याच वेगाला इंजिनास चार-पंचमांश फेरेच घ्यावे लागतील. म्हणजे ३००० ऐवजीं २४००. गोंगाट कमी, झीज कमी, तेलहि कमी. पण हा गिअर ओढण्याइतका जोर इंजिनांत पाहिजे. दुबळ्या इंजिनाला पांचवा गिअर दिला तर चढ लागतांच तो सोडावा लागतो. जोरकस इंजिनाला तो न दिला तर तें इंजिन विनाकारण ओरडत राहतें. इंजिन आणि गिअर हीं दोन वेगळीं खातीं नव्हेत; तो एकच हिशेब आहे.

हा हिशेब तेथेंच संपत नाहीं. मागें पाट्यांच्या कमानी असलेल्या या गाड्यांत मागच्या आंसास जागेवर धरून ठेवणारें दुसरें कांहीं नसतें. चाकांनीं रस्त्याला मारलेला रेटा कमानींतूनच गाडीच्या धडास मिळतो. चाक पुढें फिरतांना आंस उलट दिशेनें फिरूं पाहतो, आणि ती ओढ पाट्यांनाच सोसावी लागते. ५५ च्या जागीं ७५ अश्वशक्ति म्हणजे शक्ति शेंकडा ३६ नीं वाढली. पाटे जुने व थकलेले असतील तर क्लच सोडतांच ते इंग्रजी एस् अक्षराप्रमाणें वांकतात, आंस थडथडतो, शाफ्टच्या सांध्यांना हिसके बसतात. मालक म्हणतो, इंजिन चांगलें नाहीं. वास्तविक इंजिनानें आपलें काम केलेलें असतें. कमानींनीं हात टेकलेले असतात.

ब्रेकचें गणित याहूनहि कडक आहे. धांवत्या गाडीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ६० ऐवजीं ८० किलोमीटर वेगानें गाडी चालली तर ती थांबविण्यासाठीं ब्रेकांना जवळजवळ पावणेदोन पट शक्ति पचवावी लागते. वेग वाढला केवळ तिसऱ्या हिश्शानें. काम वाढलें पाऊणपटीनें. नव्या इंजिनाची हौस करणाऱ्यानें हे आंकडे कागदावर लिहून डोळ्यांपुढें ठेवावे, कारण येथें चुकीची किंमत पैशांत मोजली जात नाहीं. गाडींत आपलीं मुलेंबाळें बसलेलीं असतात आणि रस्त्यावर दुसऱ्याचीं.

उलट क्रमानें काम केल्याचें एक सुंदर उदाहरण फ्रान्सच्या सिट्रोएन कारखान्याचें आहे. तेल आणि दाबलेला वायु यांवर गाडी तोलून धरण्याची एक नवी युक्ति तेथील पॉल माजेस यानें सिद्ध केली होती. ती नव्या मोटारींत एकदम न घालतां कारखान्यानें प्रथम १९५४ सालीं आपल्या जुन्या, १९३८ पासून चालत आलेल्या सहा सिलिंडरच्या गाडीस लावली. तीहि केवळ मागच्या चाकांस. इंजिन तेंच, धड तेंच. रस्त्यावर तिचा अनुभव घेऊन मग १९५५ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या प्रदर्शनांत डी.एस. ही अगदीं नवी मोटार चारहि चाकांस तीच योजना लावून मांडली गेली. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहून दुसरीस हात घालावा, हा शहाणपणा मोठ्या कारखान्यासहि पाळावा लागला. मग एकट्यादुकट्या मालकास तो किती आवश्यक आहे!

तेव्हां जुनी गाडी सुधारणाऱ्यानें क्रम कोणता धरावा? पहिला मान ब्रेकांचा व टायरांचा. एकाच आंसावर जुन्या पद्धतीचा एक व रेडियल एक अशी जोडी कधींहि घालूं नये. मग सांध्यांतील रबरी बुशा आणि शॉक ॲब्सॉर्बर; कारण पुष्कळदां कमान बिघडली असें जें वाटतें तें वस्तुतः या किरकोळ वस्तूंचें म्हातारपण असतें. त्यानंतर पाटे उतरवून, साफ करून, तडा गेलेला पाटा बदलावा आणि बाक गेला असेल तर तो पुन्हां द्यावा. ॲम्बॅसडरच्या पिळाच्या दांड्या वापरलेल्या असतील तर डावी उजवीकडे घालूं नये. दांडीला एका दिशेच्या पिळाची संवय झालेली असते. मागें एक जादा पाटा चढविण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यानें भरलेली गाडी सांवरते खरी, पण रिकामी असतांना उसळते, आणि शेपूट उंच झाल्यानें प्रॉपेलर शाफ्टचा कोनहि बदलतो. हें सर्व झाल्यावर गाडी जर सरळ चालूं लागली, जागच्या जागीं थांबूं लागली, तर कित्येकदां असें आढळतें कीं नव्या इंजिनाची तहान आपोआप भागली आहे.

याउपरहि इंजिनच बदलावयाचें असेल तर कायदा पाहिला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, निर्मात्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. इंजिन बदलावयाचें तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधीं हवी. शिवाय २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या गाड्यांसाठीं जे नियम केले त्यांत, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षें झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस वेगळा मान मिळाला. धड किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असेल तर तो मान मिळत नाहीं. म्हणजे आज हौसेनें काढून टाकलेलें मूळ इंजिन हें उद्यां त्या गाडीच्या ओळखपत्राचा हरवलेला कागद ठरण्याचा संभव आहे. म्हणून काढलेला कोणताहि मूळ भाग विकूं नये, आणि जें बदलावयाचें तें पुन्हां पूर्ववत् करतां येईल अशाच रीतीनें बदलावें.

असो. ॲम्बॅसडरचें उत्पादन २०१४ च्या मे महिन्यांत थांबलें. तोंपर्यंत तिच्यांत पेट्रोलचीं, डिझेलचीं अनेक इंजिनें येऊन गेलीं. पुढच्या पिळाच्या दांड्या व मागचे पाटे हा मूळ ढांचा मात्र राहिला. पद्मिनी तर मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं आपल्या हातांनीं जगविली. ती पेट्रोलवर चालली, पुढें नैसर्गिक वायूवर चालली. वायूचें नळकांडें मागच्या पेटींत आणि सामान टपावर अशा ओझ्याखालीं तिच्या पाट्यांनीं कित्येक वर्षें काढलीं. टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा होती, आणि ताडदेवच्या कार्यालयांत नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळीपिवळी गाडी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली.

या टॅक्सीवाल्यांनीं पद्मिनीस शर्यतीची गाडी करण्याचा उद्योग केला नाहीं. जें झिजलें तें बदललें, जें थकलें त्यास टेंकू दिला, आणि तिच्या ४० अश्वांकडून ४० अश्वांचेंच काम घेतलें. ज्यांच्या दाराशीं अशी एखादी गाडी आज उभी आहे, त्यांनीं मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं प्रथम एवढेंच ठरवावें कीं ही गाडी आपल्याला रोजच्या धांवपळीसाठीं हवी आहे, कीं एका काळाची साक्ष म्हणून हवी आहे. या एका प्रश्नाचें उत्तर मिळालें म्हणजे कमानींचें, गिअरांचें आणि इंजिनाचें उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं.